मानदुखी आणि दबलेली शीर : औषध कसे निवडावे, कसे पारखावे, कधी थांबवावे

डिसेंबरमध्ये तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत विरळणी आणि डिपिंगची (घड संजीवकात बुडविण्याची) कामे चालू असतात, आणि त्याच सुमारास मिरजेतल्या माझ्या औषधांच्या दुकानात मानेला पट्टा बांधलेली माणसे दिसू लागतात. मांडवाखाली उभे राहून, मान मागे टाकून, एकेका घडातले मणी कात्रीने कमी करीत ती दिवसभर राबलेली असतात. त्यांतले बरेच जण रिकाम्या पाकिटाचा तुकडा समोर ठेवतात आणि म्हणतात, “साहेब, हीच द्या, पण जरा पावरची.” माझ्या मते सगळा घोटाळा या ‘पावर’ शब्दात आहे. वेदनेची औषधे पंख्याच्या रेग्युलेटरसारखी एक, दोन, तीन अशी चढत जात नाहीत. ती वेगवेगळ्या जातींची असतात, आणि एका जातीच्या वेदनेवर दुसऱ्या जातीचे औषध कितीही वाढविले तरी वेदना तशीच राहते, फक्त दुष्परिणाम वाढतात. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नव्हे. डोस ठरविणे माझे काम नाही आणि पुढे उल्लेखिलेली बहुतेक औषधे चिठ्ठीशिवाय देताही येत नाहीत. तरीही डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचे, कशाची तुलना करायची आणि घेतलेल्या गोळीचा हिशेब कसा ठेवायचा, हे रुग्णाला नीट कळले तर निवड पुष्कळ सोपी होते.

पहिले काम आपल्या वेदनेची जात ओळखण्याचे आहे. मानेच्या मागे आणि खांद्याच्या फऱ्यावर जड, आखडल्यासारखे वाटणारे आणि हालचालीबरोबर कमी-जास्त होणारे दुखणे बहुधा स्नायू, सांधे आणि मणक्यांमधील गादी यांचे असते. मानेतून निघून खांद्यावरून दंडात आणि पुढे बोटांपर्यंत विजेसारखी उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा किंवा आग हे दुखणे शिरेचे, म्हणजे मज्जातंतूच्या मुळाचे असते. मानेच्या खालच्या भागात पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी, किंवा तिथे वाढलेले हाड, हे मूळ बहुतेक वेळा दाबते. कोणते मूळ दबले आहे याचा अंदाज बोटांवरून येतो : मुंग्या अंगठा आणि तर्जनीकडे जात असतील तर सहावे, मधल्या बोटाकडे जात असतील तर सातवे, करंगळीकडे जात असतील तर आठवे. मात्र रात्री झोपेत अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर शीर मनगटात दबलेली असण्याचा संभव अधिक. रोज पहाटे चार-पाच म्हशींच्या धारा काढणाऱ्या बायकांच्या तोंडून मी हे वर्णन अनेकदा ऐकले आहे. त्यांना मानेच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. मधुमेहात दोन्ही तळपायांपासून सुरू होणारी आग हा आणखी वेगळा प्रकार आहे.

काही लक्षणे दिसली तर औषधांची तुलना करीत बसू नये. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, हाताची ताकद दिवसेंदिवस घटणे, ही मज्जारज्जूवर किंवा शिरेवर मोठा दाब येत असल्याची चिन्हे आहेत. मानदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा अन्य गंभीर आजार आधी वगळावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा झाडावरून, माडीवरून, दुचाकीवरून पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरी तेच. आणि डाव्या हातात उतरणाऱ्या कळेबरोबर छाती जड होऊन घाम सुटत असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

एमआरआयबद्दल इथेच थोडेसे. अहवालातील ‘गादी सरकली आहे’ हे वाक्य वाचून माणसे खचतात. पन्नाशी-साठीनंतर ज्यांना कसलाही त्रास नाही अशा अनेकांच्या मानेतही गादीची झीज आणि वाढलेले हाड दिसते. त्यामुळे अहवालातील जागा आणि बोटांतील मुंग्यांची जागा एकमेकींशी जुळते का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

आता औषधाकडून काय अपेक्षा धरायची ते ठरवू. मानेतील शीर दबल्याची तीव्र कळ बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप उतरणीला लागते. गोळी सरकलेली गादी जागेवर बसवीत नाही. मधल्या काळात झोप लागावी, हात हलता राहावा, मानेचे व्यायाम करता यावेत, यासाठी ती असते. ज्यांचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले आहे त्यांनी तर ‘पूर्ण थांबावे’ अशी अपेक्षा कोणत्याच गोळीकडून धरू नये. वेदना शून्य ते दहा या मोजपट्टीवर सातावरून पाचाच्या खाली आली, म्हणजे साधारण तिसऱ्या हिश्शाने घटली, तर वैद्यकीय अभ्यासांत तो लक्षणीय आराम मानला जातो. माझा आग्रह असा की प्रत्येक गोळीला सुरुवातीलाच एक काम आणि एक मुदत नेमून द्यावी. ‘रात्री दोनदा जाग येते ती एकदा यावी’, ‘स्कूटरवरून मिरज ते सांगली जाताना हात बधिर होऊ नये’, अशी कामे तपासता येतात; ‘बरे वाटावे’ हे तपासता येत नाही. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’च्या ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितो, तिथेच रोज रात्री वेदनेचा आकडा, झोपेचे तास आणि गोळीचा काही त्रास झाला असल्यास एक शब्द लिहावा. महिन्याने डॉक्टरांसमोर ते पान ठेवले की, आठवून सांगितलेल्या दहा मिनिटांच्या हकिकतीपेक्षा अधिक उपयोग होतो.

साध्या वेदनाशामकांपासून सुरुवात करू. पॅरासिटामॉल पोटाला आणि मूत्रपिंडाला तुलनेने सोसवते, परंतु जुनाट मानदुखीवर त्याचा परिणाम बेताचा आणि शिरेच्या कळेवर जवळजवळ नसतो. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगितली जाते. दीर्घकाळ घ्यायचे असल्यास डॉक्टर बहुधा ३ ग्रॅमच्या आत राहतात, आणि यकृताचा आजार किंवा मद्यपान असल्यास आणखी कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक जोडगोळ्यांतही (एकाच गोळीत अनेक औषधे असलेल्या गोळ्यांतही) पॅरासिटामॉल असते, ते या बेरजेत धरावे लागते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब हे सूज उतरविणारे वेदनाशामक. स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यावर यांचा उपयोग होतो, शिरेच्या आगीवर फारसा होत नाही. यांची निवड करताना आपले बाकीचे आजार अधिक महत्त्वाचे ठरतात. पोटात व्रण झालेला असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, हृदयविकार असेल, मूत्रपिंड कमकुवत असेल, तर हा गट शक्यतो टाळावा. रक्तदाब नियंत्रणात नसलेल्याने विशेषतः एटोरिकॉक्सिब घेऊ नये. सोबतच्या ‘गॅसच्या गोळी’ने जठराचे रक्षण होते, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे होत नाही, ही गोष्ट लोकांना पटवून देताना माझा सर्वांत जास्त वेळ जातो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नसते हे खरे. तरी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवी वाढविणारी गोळी आणि त्यावर हा वेदनाशामक, अशी तिहेरी जोडी जमली आणि उन्हात राबताना पाणी कमी पडले, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. काही वर्षांपूर्वी एका आबांच्या पिशवीत मला हे चित्र पूर्ण दिसले होते. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेले एसिक्लोफेनॅक, गावातल्या डॉक्टरांनी दिलेले एटोरिकॉक्सिब आणि रक्तदाबाची जोडगोळी, तिन्ही एकाच वेळी चालू होती. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठीचा पत्ता नव्हता आणि पहिल्या दोन महिन्यांत मीही ते टिपले नव्हते. आबांच्या पायांवर सूज आल्यावर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी काम करू लागले की वाढणारा घटक) तपासले गेले तेव्हा ते वाढलेले निघाले.

मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे म्हणून ओळखले जाते, आणि कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. एका गल्लीत चार तज्ज्ञ मिळतात हे भाग्यच. पण त्यामुळे एका माणसाच्या चार फायलीही होतात. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सर्व गोळ्या, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून न्यावीत. सांध्याच्या दुखण्यावर ‘जडीबुटी’ म्हणून मिळणारी बिनलेबलची पूड दोन दिवसांत चमत्कार करीत असेल तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी, आणि अनेक आठवडे घेतली असल्यास ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

यानंतर शिरेच्या वेदनेची खास औषधे येतात आणि इथे निवड खरोखर विचार करून करावी लागते. यांचे मुख्य गट तीन आहेत. अमिट्रिप्टिलिन आणि नॉर्ट्रिप्टिलिन ही जुनी औषधे. ड्युलॉक्सेटिन हे त्यानंतरचे. प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिन ही मुळात फिट्सची औषधे. पहिले दोन गट नैराश्यावरही वापरले जातात, आणि इंटरनेटवर ते वाचून घरची मंडळी ‘डॉक्टरांनी वेड्याची गोळी दिली’ म्हणून ती परत घेऊन येतात. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेने सुरू होते. मेंदूतून पाठीच्या कण्याकडे उतरणारी, वेदनेला आवर घालणारी जी यंत्रणा शरीरात असते तिला ते बळ देते. तुमच्या मनाबद्दल डॉक्टरांचे काही मत झाले आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

ही औषधे किती लागू पडतात? २०१५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, बिनऔषधाच्या गोळीने मिळाला नसता असा निम्मा आराम एका रुग्णाला मिळण्यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते, याचे गणित मांडले आहे; आकडा जितका लहान तितके औषध अधिक लागू. अमिट्रिप्टिलिनच्या गटासाठी तो आकडा ३.६, ड्युलॉक्सेटिनच्या गटासाठी ६.४, गॅबापेंटिनसाठी ७.२ आणि प्रिगॅबालिनसाठी ७.७ आला. जुन्या औषधाचे अभ्यास लहान होते, त्यामुळे त्याचा आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसत असण्याचा संभव आहे, हे ध्यानात ठेवावे. शिवाय अशा अभ्यासांतले पुष्कळ रुग्ण मधुमेहाच्या किंवा नागिणीनंतरच्या वेदनेचे असतात, मानेत दबलेल्या शिरेचे थोडे. कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकेवर ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रिगॅबालिन बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये सायटिकेसाठी प्रिगॅबालिन-गॅबापेंटिनचा गट देऊ नये, असे सांगितले. मान आणि कंबर एक नव्हेत, तरी मूळ दबण्याची क्रिया सारखी आहे. म्हणून मानेसाठी प्रिगॅबालिन लिहून दिले असल्यास ते ‘चालूच राहणारे’ औषध न समजता मुदतीची चाचणी समजावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवड बऱ्याचदा दुष्परिणामांवरून ठरते, आणि तसेच व्हावे. झोप मोडत असेल, वय फार नसेल आणि हृदय ठीक असेल तर रात्रीचे अमिट्रिप्टिलिन सोयीचे पडते. पण तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. काचबिंदूचा एक प्रकार आणि हृदयाच्या ठोक्यांचे विकार असणाऱ्यांनी ते टाळावे. वयस्कांत नॉर्ट्रिप्टिलिन थोडे अधिक सोसवते. मधुमेहाच्या पायांची आगही असेल, किंवा मन खरोखर खचलेले असेल, तर ड्युलॉक्सेटिन एका दगडात दोन पक्षी मारते. त्याने पहिल्या आठवड्यात मळमळ होते, म्हणून ते जेवणानंतर घ्यावे. रक्तदाब तपासत राहावा. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्यास ते चालत नाही. प्रिगॅबालिनची इतर औषधांशी टक्कर कमी होते आणि परिणाम लवकर कळतो, हा त्याचा गुण. गुंगी, चक्कर, वजन वाढणे आणि पायांवर सूज हे त्याचे दोष. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिन वाढलेले असल्यास मात्रा कमी करावी लागते. माझ्या स्वतःच्या मानेसाठी मी ते ७५ मिलिग्रॅमने घेतले होते, आणि तिसऱ्या दिवशी दुकानातल्या शिडीवर वरच्या कप्प्यातले खोके काढताना मला फळी दोन ठिकाणी दिसली. पहिल्या दोन आठवड्यांत खंबाटकीचा घाट दुचाकीने चढण्याचे धाडस करू नये आणि घरातल्या वृद्धांना रात्री एकट्याने उठू देऊ नये. दारू, झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल (अफूच्या जातीचे वेदनाशामक) यांच्याबरोबर ते घेतल्यास श्वास मंदावू शकतो.

मुदतीचेही गणित वेगवेगळे आहे. प्रिगॅबालिनचा अंदाज सोसवणाऱ्या मात्रेवर दोन ते चार आठवड्यांत येतो, ड्युलॉक्सेटिनला साधारण महिना द्यावा लागतो, तर अमिट्रिप्टिलिनची मात्रा हळूहळू वाढवीत सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. चौथ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे आणि गुण नसताना चार वर्षे तीच गोळी घेणारे, दोघेही माझ्या दुकानात एकाच रांगेत उभे असतात.

जोडगोळ्यांविषयी मला थोडे कडक बोलायचे आहे. आपल्याकडे प्रिगॅबालिन, नॉर्ट्रिप्टिलिन आणि मिथाइलकोबालामिन एकाच गोळीत मिळतात. एसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दुसऱ्या एका गोळीत मिळतात. एकच गोळी घ्यायची ही सोय रुग्णाला आवडते. पण चक्कर आली तर ती कशाने आली, आराम पडला तर तो कशाने पडला, हे त्यातून कधीच उलगडत नाही, आणि एकाची मात्रा वाढवून दुसऱ्याची कमी करता येत नाही. सुरुवातीला सुटी औषधे एकेक करून सुरू करता येतील का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. दोन औषधे वेगवेगळी पारखून दोन्ही हवीत असे ठरले, तर मग जोडगोळी घ्यायला हरकत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी. नावे निराळी आणि औषध तेच, असे दोन पाकिटांत नेहमी आढळते. घटक कळले की जनौषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्तात मिळते का, हेही पाहता येते.

स्नायू शिथिल करणारी औषधे तीव्र उसण भरली असता काही दिवसांसाठी ठीक असतात. थायोकोल्चिकोसाइड तोंडावाटे ७ दिवसांपेक्षा जास्त देऊ नये, असे युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये सांगितले. आपल्याकडे मी ते महिनोन्‌महिने चाललेले पाहतो. टिझानिडिनने रक्तदाब उतरतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकबरोबर ते मुळीच घेऊ नये. ट्रामाडॉल २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याखाली आले आहे. त्याची सवय लागते, फिट्सचा धोका वाढतो, आणि ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनबरोबर घेतल्यास थरथर, ताप आणि बेचैनी अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. मानेतील स्टिरॉइडचे इंजेक्शन हा विषय गोळ्यांच्या पलीकडचा आहे. मधुमेही रुग्णांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, एवढे मात्र आधी माहीत असावे.

‘नसांची ताकद’ म्हणून दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ची कमतरता शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत खरोखर आढळते, आणि ती भरून काढलीच पाहिजे. त्यासाठी रक्ताची एक तपासणी करावी. पातळी पुरेशी असताना मिथाइलकोबालामिनने दबलेली शीर मोकळी होत नाही. बी-६ तर मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास उलट मुंग्या आणि बधिरपणा निर्माण करते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. दुधातली चमचाभर हळद निर्धास्त घ्यावी, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करण्याच्या गोळीबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

गोळीला नेमून दिलेली मुदत संपली की ‘कालनिर्णय’चे ते पान उघडून बसावे. नेमलेले काम झाले असेल आणि त्रास सोसवत असेल, तर औषध चालू ठेवावे व तीन-चार महिन्यांनी कमी करून पाहण्याची तारीख त्याच दिवशी ठरवावी. काम झाले नसेल तर त्यावर दुसरी गोळी चढविण्याऐवजी पहिली उतरवून दुसरी सुरू करता येईल का, ते विचारावे. उतरविताना घाई करू नये : प्रिगॅबालिन किमान आठवडाभरात पायरीपायरीने, आणि अनेक महिने घेतले असल्यास याहून सावकाश कमी करावे, ड्युलॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिनही एकाएकी सोडल्यास चक्कर, अस्वस्थता आणि झोपमोड होते, आणि रुग्णाला वाटते की दुखणेच परत आले.

बंद झालेल्या गोळ्यांचे उरलेले पाकीट कपाटात राहतेच. पुढच्या वर्षी विरळणी सुरू झाली, मान पुन्हा धरली, तर ते पाकीट काढून थेट जुन्या मोठ्या मात्रेवर सुरुवात करू नये. मध्यंतरी रक्तदाबाची गोळी बदललेली असते, क्रिएटिनिन वर्षभर तपासलेले नसते, आणि शेजारच्या बागेतल्या भावकीलाही ‘मला गुण आला’ म्हणून त्यातल्या चार गोळ्या तोडून द्यायच्या नसतात. पाकिटावर मार्करने बंद केल्याची तारीख आणि कारण लिहून ते जुन्या फाइलमध्ये ठेवावे, आणि ती फाइल घेऊनच डॉक्टरांकडे जावे.